कोणाचा चावा सर्वांत जबरदस्त? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात निसर्गफेरी नेली किंवा राणीच्या बागेत शाळेचा गट फिरवला, की चाव्याचा विषय निघतोच. पोरं विचारतात, त्यांच्या मागे उभे असलेले बाबा लोक जास्त विचारतात, आणि घरी गेल्यावर व्हॉट्सअॅपवर कुठला तरी तक्ता पाठवून "हे खरं का?" असं पुन्हा विचारतात. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. फाटे न फोडता सांगा, सगळ्यांत जोरात कोण चावतं?

जिवंत प्राण्याच्या तोंडात उपकरण देऊन प्रत्यक्ष मोजलेल्या चाव्यांत पहिला नंबर खाऱ्या पाण्यातल्या मगरीचा. अमेरिकेतल्या ग्रेगरी एरिक्सन यांनी सहकाऱ्यांसोबत मगर-सुसरींच्या तेव्हा माहीत असलेल्या सगळ्या 23 जातींचे चावे मोजले. तो अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. त्यात या मगरीचा आकडा 16,414 न्यूटन आला, म्हणजे सुमारे 1,670 किलोचा भार. ही मगर मुंबईत नाही. भारतात ती सुंदरबन, ओडिशातलं भितरकनिका आणि अंदमान-निकोबार इथे आढळते. "प्रत्यक्ष मोजलेल्या" हे शब्द मात्र विसरू नका. शार्क आणि डायनासोर यांचे याहून मोठे आकडे वाचायला मिळतात, ते हिशेबाने काढलेले आहेत (प्रश्न 11 आणि 19).

2. कुठे न्यूटन लिहिलेलं असतं, कुठे पाउंड, कुठे पीएसआय. खरं कोणतं धरायचं?

न्यूटन आणि पाउंड-फोर्स ही बलाची एककं आहेत. 1 किलोचा भार म्हणजे 9.8 न्यूटन आणि 1 पाउंड-फोर्स म्हणजे 4.45 न्यूटन, एवढं लक्षात ठेवलं की बहुतेक आकडे बदलून घेता येतात. पीएसआय हे दाबाचं एकक आहे: एका चौरस इंचावर किती पाउंड. तेवढाच जोर अणकुचीदार टोकावर आला तर दाब प्रचंड होतो, चपट्या दाढेवर पसरला तर कमी.

घोटाळा इथेच होतो. वरच्या मगरीचं बल 3,700 पाउंड-फोर्सच्या आसपास आहे, पण त्याच अभ्यासात दाताच्या टोकावरचा दाब साडेतीन लाख पीएसआयच्याही वर निघाला. आणि तक्त्यात काय लिहिलेलं असतं? "मगर: 3,700 पीएसआय". कुणीतरी पाउंडाचा आकडा उचलला, त्यापुढे पीएसआय चिकटवलं, पुढच्या सगळ्यांनी ते तसंच उतरवलं. फिरणाऱ्या बहुतेक तक्त्यांत हाच प्रकार असतो. दाताचं नाव आणि मोजण्याची पद्धत न देता नुसतं पीएसआय लिहिलं असेल, तर तो तक्ता करमणुकीपुरता ठेवावा.

3. पण हे मोजतात कसं? वाघाच्या तोंडात काटा घालतं कोण?

वाघाच्या बाबतीत सहसा कुणीच घालत नाही. पद्धती ढोबळमानाने तीन आहेत.

पहिली सरळ मोजणीची. दोन पट्ट्यांच्या मध्ये बल मोजणारा संवेदक बसवायचा, वर चामडं गुंडाळायचं म्हणजे दात तुटत नाहीत, आणि प्राण्याला चावू द्यायचं. एरिक्सन यांनी लांब काठीच्या टोकाला असं उपकरण लावून मगरींच्या जबड्यात दिलं. मगर या कामाला उत्तम, कारण ती चिडली की हातचं राखून चावत नाही. सस्तन प्राण्यांचं तसं नसतं. एखादा नुसता चाटून बघतो, एखादा अर्धवट चावून सोडून देतो, आणि नोंद त्या अर्धवट चाव्याची होते.

दुसरी पद्धत कोरड्या कवटीची. कवटीवर स्नायू जिथून जातात तिथल्या जागेचं क्षेत्रफळ मोजायचं, त्यावरून स्नायूची जाडी आणि ताकद ठरवायची, आणि जबडा तरफ आहे असं धरून दातावर किती बल येईल ते काढायचं. संग्रहालयातल्या कवट्यांवर हे होतं, म्हणून नामशेष प्राण्यांनाही चालतं. पण या पद्धतीत आकडे खऱ्यापेक्षा कमी निघतात. दोन प्राण्यांची आपसात तुलना करायला ती चांगली.

तिसरी संगणकाची. कवटीचं सीटी स्कॅन करायचं, तिची त्रिमितीय प्रतिकृती करायची आणि स्नायू तिला किती ओढतील, हाड कुठे ताणलं जाईल ते पाहायचं. चित्रं देखणी येतात, पण स्नायूंची माहिती जेवढी खरी तेवढंच उत्तर खरं.

4. एकाच प्राण्याचे दोन भलतेच वेगळे आकडे दिसतात. कुणी चुकलेलं असतं का?

बहुतेक वेळा कुणीच नाही. आफ्रिकेतल्या ठिपकेदार तरसाचं घ्या. 2005 सालच्या एका गाजलेल्या तुलनेत त्याचा आकडा 773 न्यूटन आहे, तर 2000 साली पाळलेल्या तरसांवर केलेल्या मोजणीत कमाल आकडा साडेचार हजार न्यूटनच्या घरात गेला. जवळजवळ सहापट फरक! पहिला आकडा कोरड्या कवटीवरून काढलेला आणि सुळ्यावरचा आहे. दुसरा जिवंत तरसाने प्रत्यक्ष चावून दिलेला.

दात कोणता, हा फरक फार मोठा आहे. अडकित्त्यात सुपारी टोकाशी धरली तर फुटत नाही, खिळ्याजवळ सरकवली की कटकन फुटते. जबड्याचा खिळा कानाजवळ असतो, म्हणून मागच्या दाढांवर जोर जास्त आणि पुढच्या सुळ्यांवर कमी. त्यामुळे एका प्राण्याची दाढ आणि दुसऱ्याचा सुळा शेजारी ठेवून हार-जीत ठरवू नका. तोंड किती उघडलं आहे यावरही जोर बदलतो: जबडा फार ताणला की स्नायूंची पकड घटते.

5. आकाराच्या मानाने कोण जोरात चावतं?

हा प्रश्न पहिल्या प्रश्नापेक्षा चांगला आहे. मोठा प्राणी जोरात चावतो यात नवल काय? स्टीफन रो आणि सहकाऱ्यांनी 2005 साली वजनाचा हिशेब वजा करून एक गुणांक काढला. तेवढ्या वजनाच्या मांसाहारी सस्तन प्राण्याकडून जेवढ्या जोराची अपेक्षा असते त्याला 100 धरायचं.

त्यात टास्मानियन डेव्हिल 181 वर पोहोचला. बारा किलोचा हा प्राणी, ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर राहतो, मेलेली जनावरं हाडांसकट खातो. जग्वार 137, लांडगा 136, आपल्या ताडोबातले कोळसुंदे 132. कोळसुंद्याचं मला विशेष वाटतं. वीस किलोच्या आतबाहेरचा प्राणी सांबराच्या मागे लागतो तेव्हा टोळी तर लागतेच, पण प्रत्येकाचा जबडाही आकाराच्या मानाने दणकट लागतो. उलट हिमालयातलं काळं अस्वल 44 वर आहे. त्याचं पोट मुख्यतः फळं, मुळं, किड्यांवर भरतं, आणि भांडणाची वेळ आली तर पंजे आहेतच.

6. वाघ की सिंह?

या प्रश्नावरून बसमध्ये दोन गट पडलेले पाहिले आहेत. वर सांगितलेल्या अभ्यासात सुळ्यावरचा जोर सिंहाचा 1,768 आणि वाघाचा 1,525 न्यूटन आला. गुणांक मात्र वाघाचा 127 आणि सिंहाचा 112. म्हणजे दोन्ही गट जिंकले. सिंहाचा आकडा मोठा आला कारण त्या कवटीच्या सिंहाचं वजन जवळजवळ तीनशे किलो धरलं होतं, तर वाघाचं दोनशेच्याही आत. कवट्या बदलल्या तर क्रम उलटू शकतो. दोघांचीही मोठ्या भक्ष्याला मारण्याची रीत सारखीच: गळा धरायचा आणि श्वास कोंडेपर्यंत सोडायचा नाही. त्यासाठी एका क्षणाचा जोर जेवढा लागतो, त्याहून जास्त लागते ती टिकून राहणारी पकड, आणि ती कुठल्याच तक्त्यात नसते.

7. आमच्या सोसायटीच्या मागे बिबट्या येतो. एवढे कुत्रे उचलतो म्हणजे चावा भयंकरच असणार ना?

मोठ्या मांजरांत बिबट्याचा गुणांक खालचा आहे: 94. म्हणजे वजनाच्या हिशेबाने सरासरीच्याही किंचित खाली. त्याची कमाई दुसरीकडे आहे. मान आणि खांदे असे की स्वतःच्या वजनाइतकं भक्ष्य तोंडात धरून झाडावर चढतो. शिवाय तो दबा धरून येतो, अंतर कमी ठेवतो आणि थेट मानेवर किंवा गळ्यावर जातो. कुत्र्याला मारायला त्याला जबड्याची पूर्ण ताकद लावावीच लागत नाही.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण 104 चौरस किलोमीटरचं, आणि 2015 च्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात उद्यान व लगतच्या भागात 35 बिबटे दिसले होते. चहूबाजूंनी वस्ती असताना एवढे बिबटे टिकतात त्यामागे हरणं आहेत, तसे भटके कुत्रेही आहेत, आणि कुत्रे आहेत कारण कचरा आहे. मुलुंड, ठाणे, आरे, गोरेगाव इथल्या मंडळींनी चाव्याच्या आकड्यापेक्षा याकडे बघावं: कचरा उघडा टाकू नका, अंधारात लहान मुलांना एकटं सोडू नका, आणि उघड्यावर वाकून किंवा उकिडवं बसणारा माणूस बिबट्याला लहान भक्ष्यासारखा दिसू शकतो हे ध्यानात ठेवा.

8. तरस खरंच हाडं फोडून खातो?

फोडतो, आणि पचवतोही. त्याची विष्ठा वाळली की पांढरी पडते ती हाडांतल्या चुन्यामुळे. त्याच्या दाढांपैकी पुढच्या काही जाड, बोथट शंकूसारख्या असतात, आणि कवटीच्या माथ्यावर उभा कंगोरा असतो, ज्याला जबड्याचे स्नायू धरलेले असतात. कपाळाचा घुमट हाड फुटताना येणारा ताण मागे वाटून देतो. तरसाची पिल्लं मोठी झाली तरी लगेच हाडं फोडू शकत नाहीत; कवटीची वाढ थांबल्यावरही चाव्याची ताकद काही काळ वाढत राहते.

आकडे ठिपकेदार तरसाचे आहेत (प्रश्न 4). महाराष्ट्रात असतो तो पट्टेदार तरस, आकाराने लहान, पण धाटणी तीच. गावाकडे त्याच्याबद्दल काहीबाही बोलतात. खरं तर मेलेल्या जनावरांची विल्हेवाट लावणारा, माणसाला टाळणारा प्राणी आहे तो.

9. मगरीचं तोंड साध्या दोरीने बांधून ठेवता येतं असं ऐकलं. मग ताकद कुठे गेली?

ऐकलंत ते खरं आहे. जबडा मिटवणारे स्नायू अवाढव्य आणि उघडणारे किरकोळ. मगरीच्या जबड्यामागे गालफडासारखा फुगवटा दिसतो ना, तो मिटवणाऱ्या स्नायूचाच. उघडायला फारशी ताकद कधी लागतच नाही, म्हणून ती तयारच झालेली नाही. सुटका करणारे लोक तोंडाला पट्टी गुंडाळतात ती याच भरवशावर. (ते शिकलेले असतात. शेपटीचा फटका आणि अंगाची गिरकी यांना पट्टीने काही होत नाही.)

एरिक्सन यांच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुस्कट रुंद की निमुळतं यावर चाव्याचा जोर फारसा ठरत नाही, अंगाच्या आकारावर ठरतो. अपवाद सुसरीचा, म्हणजे घडियालचा. लांब चिमट्यासारखं तोंड मासे टिपायला बनलेलं, आणि जोर अंगाच्या मानाने कमी. पवई, विहार, तुळशी या तलावांत आहेत त्या गोड्या पाण्यातल्या मगरी. खाऱ्या पाण्यातलीपेक्षा लहान, पण पवईच्या काठावर पाय सोडून बसण्याइतक्या लहान नव्हेत.

10. पाणघोडा गवत खातो, मग त्याला एवढे सुळे कशाला?

भांडायला. गवत तो ओठांनी खुडतो आणि दाढांनी चघळतो, सुळ्यांचा त्यात काही भाग नाही. नरांच्या मारामारीत आणि पिल्लाच्या रक्षणासाठी ते कामी येतात. खालचे सुळे अर्ध्या मीटरपर्यंत वाढतात, आणि तोंड जवळजवळ 150 अंशांत उघडतं. त्याच्या नावावर फिरणारा 1,800 पाउंडांचा आकडा टीव्ही कार्यक्रमातल्या प्रयोगातून आलेला आहे. शाकाहारी म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी एवढंच: घोडाही चावतो, उंटही चावतो, आणि दोघांच्याही चाव्याने हाड मोडू शकतं.

11. पांढरी शार्क मगरीला मागे टाकते का?

कागदावर, हो. 2008 साली संगणकावरच्या प्रतिकृतीतून साडेसहा मीटरच्या आसपास लांबीच्या पांढऱ्या शार्कसाठी 18,216 न्यूटन असा अंदाज आला. पण प्रतिकृती केली होती ती सुमारे अडीच मीटरच्या शार्कची, तिचा स्वतःचा आकडा होता 3,131, आणि पुढचं सगळं आकार वाढवून काढलेलं आहे. त्याच अभ्यासात नामशेष मेगालोडॉन शार्कसाठी 1,08,514 ते 1,82,201 न्यूटन असा पल्ला दिला आहे. एवढा रुंद पल्लाच सांगतो की हा अंदाज आहे.

शार्कला तसा जोराचा सोस नाही. तिचा जबडा कूर्चेचा आणि दात करवतीसारखे. धरलं आणि डोकं हलवलं की मांस कापलं जातं. आपल्या बाजारात मुशी येते तिचं तोंड पुढच्या वेळी उघडून पाहा, फक्त मासेवालीला आधी विचारा.

12. माणसाचा चावा किती?

निरोगी पुरुषाच्या दाढांवर साधारण 500 ते 700 न्यूटन. गिनेस बुकात 1986 सालची फ्लोरिडातली नोंद आहे: 442 किलोचा जोर, दोन सेकंद. तो माणूस दात खायचा की काय कोण जाणे! आपला जबडा दिसतो छोटा, पण चेहरा चपटा आणि जबडा आखूड असल्यामुळे स्नायूंचा जोर वाया कमी जातो. घाबरण्याची गोष्ट जोर नाही. माणसाच्या तोंडातले जंतू जखमेत गेले तर हात सुजतो, सांधा धरतो. मारामारीत दुसऱ्याच्या दातावर मूठ बसून झालेली जखमही चावाच समजून डॉक्टरांना दाखवावी.

13. पिटबुलचा जबडा लॉक होतो, हे खरं का?

नाही. कुठल्याच जातीच्या कुत्र्याच्या जबड्यात कुलूप लागेल अशी रचना नसते. काही कुत्रे धरलेलं सोडत नाहीत, तो त्यांचा स्वभाव आणि त्यांना दिलेलं वळण.

जातवार आकड्यांचं म्हणाल तर ते फारच कच्चे आहेत. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात 22 कुत्र्यांचे चावे मोजले. आकडे 13 न्यूटनपासून 1,394 न्यूटनपर्यंत पसरले, सरासरी 256. एकाच प्रयोगात शंभरपट फरक! कुत्रा किती मोठा, किती चिडलेला, किती मनापासून चावला यावर सगळं आहे. "कांगल 743 पीएसआय" छाप यादीवरून कुत्रा निवडणाऱ्याने आधी घरातली माणसं त्याला किती वेळ देणार ते मोजावं.

14. कुत्रा हळूच चावला, रक्तही आलं नाही. तरी इंजेक्शन घ्यायचं?

डॉक्टरकडे जायचंच, आणि आजच. रेबीजला चाव्याच्या जोराशी काहीही घेणंदेणं नाही; लाळ कातडीच्या आत गेली एवढं त्याला पुरतं. नुसता ओरखडाही मोजला जातो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही. मग डॉक्टर सांगतील त्या तारखांना सगळे डोस पुरे करायचे. रक्त आलं असेल तर लशीसोबत जखमेत वेगळं इंजेक्शनही द्यावं लागतं. महापालिकेच्या रुग्णालयांत लस मोफत मिळते.

हाच नियम मांजर, माकड, आणि खाडीकाठच्या कोल्ह्यांनाही लागू. 2024 साली चेंबूर परिसरात मेलेल्या काही कोल्ह्यांत रेबीज आढळला होता. लक्षणं दिसल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो, म्हणून या एका उत्तरात मी गंमत केलेली नाही.

15. घूस वायर कुरतडते, प्लास्टिकचा पाइप फोडते, भिंतही पोखरते. म्हणजे तिचा चावा वाघापेक्षा भारी?

जोर नाही, दात भारी. उंदीर-घुशींच्या पटाशीच्या दातांना फक्त पुढच्या बाजूला टणक लुकण (इनॅमल) असतं, त्यात लोह असतं, म्हणून ते पिवळे-नारिंगी दिसतात. मागची बाजू मऊ, ती आधी झिजते, त्यामुळे कुरतडता कुरतडता धार आपोआप लागत राहते. दात आयुष्यभर वाढतात, सबब कुरतडणं थांबवून चालत नाही. थोडासा जोर, पण एवढ्याशा धारेवर एकवटलेला, म्हणून दाब मोठा (प्रश्न 2). वाघाने प्लास्टिकचा पाइप चावला तर तो चेपेल. घूस रात्रभरात त्याला भोक पाडेल. पावसाळ्यात घुशींची भीती चाव्यासाठी बाळगू नका, त्यांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोसाठी बाळगा. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून चालू नका.

16. चिंबोरीचा डेंगा बोटाला लागला तर जीव जातो. तो यादीत का नसतो?

डेंगा हा पाय आहे, तोंड नव्हे, म्हणून चाव्याच्या यादीत बसत नाही. ताकदीबद्दल शंका नको. नारळी खेकड्याच्या डेंग्याचा जोर जपानमध्ये ओकिनावात मोजला होता, 2016 साली तो प्रसिद्ध झाला: कमाल 1,765 न्यूटन, म्हणजे प्रश्न 6 मधल्या सिंहाच्या सुळ्याइतका, आणि तो दोन-सव्वादोन किलोच्या खेकड्याचा. हा खेकडा आपल्याकडे निकोबारच्या बाजूला आहे. बाजारातल्या चिंबोऱ्यांचे डेंगे सुतळीने बांधलेले असतात ते शोभेला नाही. घरी आणून सुतळी आधी सोडू नका.

17. साप, अजगर, घोरपड यांचं काय?

विषारी सापाला जोराची गरज नाही. घोणसचे विषदंत मिटून ठेवता येतात, चावताना उघडतात, टोचतात, काम झालं. साप चावला तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही न करता हातपाय हलवू न देता थेट मोठं रुग्णालय गाठा. अजगर मागे वळलेल्या दातांनी फक्त धरतो, मारतो ते विळख्याने. कोमोडो ड्रॅगनचा जबडाही अंगाच्या मानाने कमजोर आहे. करवतीसारखे दात, मागे ओढण्याची झटक, आणि 2009 साली दाखवून दिलेल्या विषग्रंथी यांवर त्याचं भागतं. आपली घोरपड त्याच्याच कुळातली. ती कोपऱ्यात सापडली तर चावते आणि सोडत नाही. तिला मारणं किंवा पकडणं हा गंभीर गुन्हा आहे.

18. पेंग्विनला दात असतात का?

नसतात. जिभेवर आणि टाळूवर आत वळलेले काटे असतात, निसटता मासा घशाकडे जावा म्हणून. चोच मात्र झोंबते.

19. टी-रेक्स?

2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मगर आणि पक्षी यांच्या स्नायूंवरून हिशेब करून 8,526 ते 34,522 न्यूटन असा अंदाज दिला आहे. 2012 साली दुसऱ्या गटाने संगणकावर काढलेला पल्ला 35,000 ते 57,000. एकाचा शेवट जिथे, दुसऱ्याची सुरुवात तिथे! मला पहिला जास्त पटतो, कारण त्याची पद्धत जिवंत मगरींच्या मोजमापाशी ताडून पाहिलेली होती. या कमी अंदाजातला कमाल आकडा धरला तरीही मोठ्या टी-रेक्सचा चावा खाऱ्या पाण्यातल्या मगरीच्या दुप्पट भरतो. त्याच्या दातांच्या खुणा असलेली, फुटलेली हाडं सापडलेली आहेत, त्यामुळे तो हाडं फोडायचा यात वाद नाही.

20. गोरिला 1,300 आणि किलर व्हेल 19,000 पीएसआय, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मग तुमच्या उत्तरांत ते का नाहीत?

कारण त्या आकड्यांसोबत कोणी, कशाने, कोणत्या दातावर मोजलं हे कधीच दिलेलं नसतं. गोरिलाचा जबडा दांडगा आहे, बांबूचे कोंब आणि चिवट देठ दिवसभर चघळणाऱ्याचा असणारच, नराच्या माथ्यावर तरसासारखा कंगोराही असतो. किलर व्हेलच्या दातांबद्दल तर बोलायलाच नको. पण "जबरदस्त" या शब्दापुढे आकडा लिहायचा तर त्याला आधार हवा. प्रकल्पाच्या वहीत तक्ता करणाऱ्या मुलांनी प्रत्येक आकड्यापुढे तीन रकाने आखावेत: मोजला की काढला, सुळा की दाढ, प्राण्याचं वजन किती. जिथे रकाना रिकामा राहील तो आकडा खोडा. अर्धा तक्ता उडेल, पण उरलेला बाईंना समजावून सांगता येईल.

21. मुंबईत यातलं प्रत्यक्ष काय बघता येईल?

भायखळ्याच्या राणीच्या बागेत वाघ, बिबट्या, तरस, अस्वल, पाणघोडा आणि मगर एकाच फेरीत बघता येतात. प्राणी बदलत असतात, तेव्हा एखादा दिसला नाही तर रागावू नका. मगरीच्या जबड्यामागचा फुगवटा पाहा. वाघ जांभई देईपर्यंत थांबा, सुळे आणि त्यांच्यामागची मोकळी जागा दिसते. त्या जागेमुळेच सुळा खोल रुततो. तरसाचं डोकं शेजारच्या कुठल्याही प्राण्याशी ताडून बघा. पाणघोड्यासाठी त्याच्या खाण्याची वेळ साधा, नाहीतर पाण्यावर नुसते कान आणि नाकपुड्या दिसतात. काचेवर थापा मारल्याने कोणीही तोंड उघडत नाही. राणीची बाग बुधवारी बंद असते आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी.